दुर्जयाने भरलेली बांगडी

पूर्वी भद्रपुरात शत्रुमर्दन नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका कासाराच्या घरी जन्मला होता. त्याचे नाव मणिक. काचेच्या बांगड्यांच्या माळा खांद्यावर टाकून गल्लीगल्लीतून हिंडायचे आणि बायकांच्या हातात बांगड्या भरायच्या, हे त्याचे काम. हात हातात घेतला की त्याला घरची हकिकत कळत असे, पण ती त्याने कधी दुसऱ्या दारी नेली नाही.

आता भद्रपुराची एक रीत सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचे काही कळायचे नाही. वेशीपाशी वडाचा पार होता. त्यावर फक्त पुरुष बसत. एखाद्याचा अपमान झाला आणि त्याने उलटून हात उचलला नाही, की पारावरची मंडळी त्याच्या घरी सुपात बांगड्यांची जोडी पाठवीत. मग तीन दिवसांच्या आत त्याने अपमान करणाऱ्याचे रक्त सांडायचे, नाहीतर पुन्हा पाराकडे फिरकायचे नाही. या रीतीपायी किती जणांचे जीव गेले ते कोणी मोजले नव्हते. शूरांचे गाव म्हणून भद्रपुराचे नाव मात्र लांबवर गाजत होते. हौसच दांडगी!

एके दिवशी राजाचा आवडता घोडा लंगडला. राजा भर दरबारात सेनापती सिंहध्वजावर डाफरला. राजापुढे सेनापती काय बोलणार? तो मूग गिळून बसला, आणि तिथून उठला तो थेट पागेत गेला. पागेचा प्रमुख होता दुर्जय. घोड्याला विश्रांती हवी, असे दुर्जयानेच दोनदा सांगितले होते. ते कोण आठवतो! सेनापतीने घोड्यांची निगा राखणाऱ्या सगळ्या मोतद्दारांसमोर त्याच्या थोबाडीत मारली. दुर्जय खाली मान घालून उभा राहिला. मग घरी गेला, भाकरी गार का म्हणाला, आणि बायकोला, उत्पलेला, त्याने मारले. तिला सातवा महिना लागला होता. वड्याचे तेल वांग्यावर निघते ते असे. सकाळी दरबारात भडकलेला राजाचा राग संध्याकाळी उत्पलेच्या मनगटापर्यंत पोचला.

सातव्या महिन्यात हिरव्या बांगड्या भरायची तिथे चाल होती. म्हणून दुसऱ्या दिवशी शेजारणीने मणिकला उत्पलेकडे धाडले. उत्पलेने डावा हात पुढे केला. तो भरून झाला.

"आता उजवा द्या, बाई," मणिक म्हणाला.

"राहू दे दादा. धुणं धुताना पाय घसरला, हातावर पडले."

मणिकने त्या महिन्यात धुणे धुताना घसरलेले अकरा हात पाहिले होते. भद्रपुराचा घाट काही इतका निसरडा नव्हता. मग उत्पलाच म्हणाली.

"दादा, काल पागेत काय झालं ते कळलं असेल तुम्हाला. पारावरनं जोडी आली तर हे सेनापतीला मारायला जातील. मारतील नाहीतर मरतील. मारलं तरी राजा सुळावर देईल. मग या लेकराचं काय होईल हो?"

त्याच संध्याकाळी पारावरचे दोघे जण मणिकच्या दारात आले. "एक जोड दे. दुर्जयाकडे पाठवायचीय," त्यातला एक म्हणाला.

"नाही देणार," मणिक म्हणाला. "माझी आई ही ल्यायली, बायको लेते. ती वस्तू मी शिवी म्हणून कशी विकू?"

"वा रे कासार! मग उद्यापासून आमच्या आळीत पाऊल टाकू नकोस."

"बरं," मणिक म्हणाला. अशी त्याची निम्मी गिऱ्हाइके तुटली. आणि गावात काय कासार एकच होता? सकाळी सूप दुर्जयाच्या उंबऱ्यावर आलेच.

मुदतीच्या तिसऱ्या दिवशी दुपारी मणिक पागेत गेला. दुर्जय दगडावर तलवारीला धार लावीत होता. सुपातल्या बांगड्या बाजूला गवतावर पडल्या होत्या.

"तूही हसायला आलास?" दुर्जय म्हणाला.

"कामाला आलो. पाठवल्या आहेत तर कोणीतरी भरायला हव्यात ना?"

दुर्जय उठला आणि त्याने तलवारीचे टोक मणिकच्या छातीला टेकवले. मणिक घाबरला. बोधिसत्त्व झाला म्हणून काय झाले, छातीला टेकलेले पाते पातेच असते. पण तो मागे सरला नाही.

"मला मारून तुझी रीत पुरी होत नाही," तो म्हणाला. "मी कुठे तुझा अपमान केलाय? बस जरा. दमलेला दिसतोस."

तीन दिवसांत दुर्जयाला बस असे कोणी म्हटले नव्हते. जो तो ऊठ म्हणत होता. तो मट्कन बसला. मणिकने समोर बसकण मारली आणि त्याचा उजवा हात हातात घेतला.

"सैल सोड."

"सैलच आहे."

"ही मूठ आहे, बाबा."

दुर्जयाने मूठ उघडायचा प्रयत्न केला, तर बोटे उघडेनात. मग मणिकने एकेक बोट दाबून मऊ केले, अंगठ्याचे मूळ चोळले. बांगडी बाईच्या मापाची, हात घोडे आवरणारा. पहिली बांगडी मध्येच पिचली आणि काच रुतली. दुर्जय कळवळला. मणिकने काच काढली, रक्त पुसले आणि दुसरी बांगडी घेतली. त्याला घाई नव्हती. ती हळूहळू चढू लागली तेव्हा दुर्जय एकाएकी म्हणाला, "त्या दिवशी तू आमच्या घरी आला होतास. तिच्या उजव्या हातात का नाही भरल्यास?"

मणिकने मान खाली घातली आणि बांगडी पुढे सरकवीत राहिला.

दुर्जयाला उत्तर ठाऊकच होते. "सेनापतीनं मारलं ना," तो म्हणाला, "तेव्हा मी त्याला घाबरलो. खरं सांगतो, घाबरलो. आणि तिथंच मला आठवलं, की घरी एक माणूस आहे, ते मला घाबरतं." एवढे बोलून तो सगळ्या मोतद्दारांदेखत हमसून हमसून रडला. बांगडी मनगटावर बसली.

दिवस मावळायच्या आत तो तलवार न घेता पारावर गेला. त्याचा हात पाहून हशा पिकला. "अरे, दुर्जयाची दुर्जया झाली की!" कोणी ओरडले.

"पाठवलीत, भरली," दुर्जय म्हणाला. "पुढची रीत काय ते सांगा."

कोणालाच सांगता येईना. इतक्या वर्षांत आलेली बांगडी कोणी भरलीच नव्हती, त्यामुळे पुढचे कोणी ठरवलेच नव्हते. म्हातारे एकमेकांत वाद घालू लागले. दुर्जय थोडा वेळ थांबला आणि निघून गेला.

घरी उत्पलेने पाऊल ओळखले आणि दोन्ही हात पोटावर धरले. तो उंबऱ्याबाहेरच थांबला.

"मी आत येत नाही. तू कडी लाव."

"किती दिवस?"

"तुला काढावीशी वाटेल तोवर."

तिने कडी लावली. दुर्जय ओट्यावर राहू लागला. पाणी भरून दारात ठेवी, लाकडे फोडून ठेवी. गाव हसे. दोन महिन्यांनी कडी निघाली ती सुईणीसाठी. बाराव्या दिवशी उत्पलेने मूल ओट्यावर आणून त्याच्या मांडीवर ठेवले, आणि ती शेजारी बसून राहिली, लक्ष ठेवायला.

एवढे सांगून शास्ते, म्हणजे भगवान बुद्ध, म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचा दुर्जय म्हणजे आज भिक्षेच्या रांगेत सोबत्याला ढकलून इथे खालमानेने बसलेला हा भिक्षू. त्याला त्या रांगेत ज्याने आधी ढकलले, तो तेव्हाचा सेनापती. उत्पला आज भिक्षुणीसंघात आहे. आपल्याला कोणी ओळखावे असे तिला वाटत नाही, म्हणून नाव सांगत नाही. मणिक कासार मी होतो."

एका भिक्षूने विचारले, "भगवन्, तिने त्याला क्षमा केली का?"

"तिचे मनगट बरे झाले एवढे मी पाहिले," शास्ते म्हणाले. "पुढचे विचारायचा कासाराला काय हक्क?"

ही क्षांतीची कथा आहे. मार खाऊन गप्प राहणे दुर्जयाला पहिल्या दिवशीही जमले होते, त्याला क्षांती म्हणत नाहीत. आपल्याकडे आलेला राग दुसऱ्या कोणाच्याही घरी न पोचवणे, ही क्षांती.