भास्कर टेकाळेचं श्राद्ध

“...पण महाराज, संन्याशाला कसला आलाय नंबर?”

भास्कर हसत होता. हसण्याजोगंच होतं म्हणा. अचलगिरी महाराजांनी घर सोडलं, जात सोडली, बापानं ठेवलेलं नावही सोडलं. अंगावर भगवं वस्त्र आणि कंबरेला एक कापडी पिशवी, एवढाच त्यांचा संसार. आणि त्या पिशवीत काय, तर सरकारी ओळखपत्र! महाराज अंघोळीलासुद्धा ती पिशवी सोडत नसत.

गोदाकाठच्या त्या लहानशा मठात त्या दिवशी एक तरुण मशीन घेऊन आला होता. आरोग्य तपासणीचं कार्ड फुकट काढून देतो म्हणाला. नंबर सांगा, अंगठा लावा, झालं.

“आरोग्य तपासायचं तर तपास,” महाराज म्हणाले. “नंबर मिळायचा नाही.”

आणि ते आत निघून गेले.

भास्करला शरम वाटली. तो तालुक्याच्या कॉलेजात तर्कशास्त्र शिकवत असे. नोकरी सोडून संन्यास घ्यायला आला होता. वैराग्य त्याला तोंडपाठ होतं. त्यानं आपलं कार्ड त्या तरुणापुढे टाकलं, नंबर मोठ्यानं वाचून दाखवला आणि अंगठा लावला.

“नीट उमटला नाही, सर. पुन्हा लावा.”

भास्करनं पुन्हा लावला. कार्डाचा फोटोही काढू दिला. वर त्याला चहा पाजला.

महाराज बाहेर आले तेव्हा मोटरसायकल वळणापार गेली होती.

“दिलंस?”

“दिलं. माझं होतंच काय ते? थंडीत दीक्षा आहे. भास्कर टेकाळे मेल्यातच जमा. मेलेल्याचं कोण काय नेणार, महाराज?”

“मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे असतात, बाबा.”

भास्करनं चहाचा कप विसळायला घेतला.

“आजच्या आज तालुक्याला जा,” महाराज म्हणाले. “नंबराला, अंगठ्याला कुलूप लावता येतं म्हणतात. ते लावून ये.”

“जातो.”

तो गेला नाही. महाराजांचं आता वय झालं, असं त्याला वाटलं. कुलपंच लावायची तर घरदार कशाला सोडलं, हा मुद्दा त्याला इतका आवडला की मठात येणाऱ्या भक्तांनाही त्यानं तो ऐकवला. लोकांनी माना डोलावल्या.

थंडी पडली. दीक्षेचा दिवस आला.

या पंथाची रीत अशी, की संन्यास घेणाऱ्यानं आधी स्वतःचं श्राद्ध घालायचं. जुनं नाव त्या दिवशी मरतं. मग गुरू नवं नाव देतो. भास्करनं डोकं भादरलं, नदीत बुडी मारली, वाळूत दर्भ मांडले. पूर्वजांचे पिंड ठेवून झाले. शेवटचा, त्याचा स्वतःचा, तळहातावर होता. शेजारी गाठोडं होतं, त्यात त्याचा शर्ट नि पँट. ते नदीत सोडायचं, की सगळं संपलं.

त्याला फार हलकं वाटत होतं. एवढ्या दिवसांची वाट बघणं आज फळाला आलं होतं.

तेवढ्यात घाटावरून एक बाई उतरत आली. पायात चप्पल नव्हती. पदर खांद्यावरून ओघळला होता आणि तिला त्याचं भान नव्हतं.

“भास्कर लक्ष्मण टेकाळे कोन हाय हितं?”

महाराजांनी भास्करकडे पाहिलं.

“तो माणूस गेला, बाई,” भास्कर म्हणाला. हे वाक्य त्यानं मनात कितीदा घोळवलं होतं. ते बोलायची वेळ अशी आपसूक आली, याचं त्याला बरंच वाटलं.

बाई मटकन वाळूत बसली.

“मेला? मंग... मंग माजी वैजू कुटं शोधू मी?”

नदीवर थोडा वारा होता. भास्करच्या हातातला पिंड थंड पडत चालला होता.

“कोण वैजू?” त्यानं विचारलं.

“माजी लेक. वैजयंता. दवाखान्यात नोकरी लावतो म्हून फोन यायचा तिला. मानूस लई गोड बोलायचा. आपलं कार्ड धाडलं त्यानं फोनवर. फोटू, नाव, गाव, समदं सरकारी. मीच म्हनले, जा बाई, शिकलेला मानूस दिसतोय.” तिनं तोंडाला पदर लावला. “गेली. त्या दिसापासनं फोन बंद. ठान्यात म्हनले, फोन भास्कर टेकाळेच्या नावावर हाय, अंगठा बी त्याचाच. तपास चालू हाय, तू घरी जा. घरी जाऊन काय करू? म्या त्याचं गाव गाठलं. त्याच्या भावानं ह्यो मठ सांगितला.”

ती बोलता बोलता थांबली. भास्करच्या भादरलेल्या डोक्याकडे, मग डोळ्यांकडे बघत राहिली.

“तुमीच की हो ते,” ती हळूच म्हणाली. “फोटूत केस व्हते.”

भास्करच्या पायाखालची वाळू सरकली. उमटला नाही, पुन्हा लावा... तो दुसरा अंगठा कशाला होता, ते त्याला आत्ता कळलं. 

“बाई, तो मी नव्हे. माझा आवाज ऐका. फोनवर हाच होता का?”

“न्हाई. ह्यो आवाज न्हवं.” ती रडत नव्हती, हे जास्त वाईट होतं. “पर आवाजावर कोन लेक धाडतं? म्या नावावर धाडली.”

 भास्कर गुरूकडे वळला.

“महाराज, पाणी सोडा. विधी अर्ध्यात राहिलाय. तो पुरा करून मग...”

पितरांना पाणी सोडतात ते अंगठ्याच्या बाजूनं. महाराजांनी तांब्या उचलला, भास्करच्या हातापर्यंत आणला आणि तिथेच थांबले.

“कोणाच्या नावानं सोडू?”

“माझ्या. भास्कर टेकाळेच्या.”

“तो तर गावोगाव हिंडतोय. लोकांच्या लेकी नेतोय.”

“नाव माझं असेल, महाराज. पण हात माझा नाही.”

महाराजांनी तांब्या खाली ठेवला. भास्करचा अंगठा आपल्या मुठीत धरला आणि इतका दाबला की नख पांढरं पडलं.

“हा कोणाचा?”

...

 महाराजांनी भास्करच्या तळहातावरचा पिंड उचलून दर्भावर ठेवला. मग गाठोड्याची गाठ सोडली, शर्ट झटकला आणि त्याच्यापुढे धरला.

“घाल.”

“महाराज...”

“ठाण्यात जा. नाव सांग. अंगठा कोणाला दिलास, कधी दिलास, त्या पोराचं तोंड कसं होतं, मोटरसायकल कसली होती, सगळं सांग. या बाईच्या आधी तिथून उठायचं नाही.”

“मलाच आत टाकतील.”

“टाकतील.”

भास्करनं शर्ट घातला.  भादरलेलं डोकं आणि इस्त्री मोडलेला शर्ट, आरशात बघितलं असतं तर तो स्वतःलाच ओळखीचा वाटला नसता. सारजाबाई, असं त्या बाईचं नाव. तेही त्यानं आत्ता विचारलं. ती उठून घाट चढायला लागली होती. मागे वळून बघत नव्हती. तो येईल की नाही, याचा तिला भरवसा नव्हता, आणि का असावा?

“परत आलो तर घ्याल ना मला?”

“पोरगी सापडली की ये. पिंड झाकून ठेवतो.”

भास्कर दोन पावलं गेला नि थांबला. बाईला ऐकू जाऊ नये म्हणून त्यानं आवाज खाली आणला.

“आणि नाही सापडली तर?”

महाराजांनी पिंडावर पळसाचं पान ठेवलं. वाऱ्यानं उडू नये म्हणून त्यावर एक दगड ठेवला. कंबरेची पिशवी चाचपली.

“तर भास्कर टेकाळेला मरण नाही.”