म्हशींवाचून तळं

एका तळ्याकाठी सिदू नावाचा एक गवळी राहत होता. वस्तीत घरं सतरा, पण त्याला खिजगणतीत धरणारं घर एकही नव्हतं. त्याच्या म्हशी दोनच, त्याही आटत आलेल्या. वस्तीच्या बैठकीत तो बोलायला उठला की कोणीतरी त्याचा सदरा ओढून त्याला खाली बसवी. सिदू तेव्हा चाळिशीचा होता. आईबाप लहानपणीच गेले होते. बापाची बहीण बायजाआत्या, तिनं त्याला आपल्या अकरा म्हशींच्या दुधातुपावर वाढवलं होतं.

तळं मोठं होतं, पण उथळ. म्हैस मधोमध उभी राहिली तरी तिची पाठ कोरडी राहायची. अशा पाण्यात पाणगवत आणि लव्हाळी झपाट्यानं वाढतात आणि आवरलं नाही तर काठापासून सरकत सरकत सगळं तळं व्यापतात. ते आवरायचं काम म्हशी करत. रोज सकाळी दीडशे म्हशी पाण्यात शिरत, कोवळे कोंब खात, खुरांनी मुळं तुडवत आणि दुपारी चिखलानं माखून बाहेर येत. मधलं पाणी त्यामुळे मोकळं राही. दिवाळीच्या सुमारास उत्तरेकडून चक्रवाक येत, बदकं येत, ती त्या मोकळ्या पाण्यावर उतरत.

वस्तीचा एक नेमही होता. नागपंचमीपासून घट बसेपर्यंत म्हैस पाण्यात घालायची नाही. त्या दिवसांत पाणकोंबड्या काठच्या गवतात अंडी घालत. या बंदीला गवळी 'तळ्याचं सोवळं' म्हणत. घट बसले, की वस्तीतली सगळ्यात वयस्क बाई आपली म्हैस पुढे घालून सोवळं मोडी. हा नेम कोणी लिहून ठेवला नव्हता आणि कोणी मोडलाही नव्हता.

मग एका हिवाळ्यात राजाकडे परदेशचा पाहुणा आला. त्यानं ते केशरी चक्रवाक पाहिले आणि म्हणाला, असं तळं आमच्या सगळ्या मुलखात नाही. झालं. ज्या तळ्याकडे राजानं वीस वर्षांत मान वळवून पाहिलं नव्हतं, ते एका दुपारीत त्याच्या काळजाचा तुकडा झालं. त्यानं प्रधानाला हुकूम केला, हे तळं जपा.

प्रधान मोठा टापटिपीचा माणूस. तो तळ्यावर आला, त्यानं नाकाला रुमाल लावला आणि त्याला दिसल्या त्या म्हशी. चिखल, शेण, माश्या. एवढ्या सुंदर पक्ष्यांच्या घरात ही घाण कशी चालू दिली, असं त्यानं वस्तीलाच विचारलं. बायजाआत्या काहीतरी सांगायला पुढे आली, पण गवळ्याच्या बाईनं प्रधानाला तळं शिकवावं, हे प्रधानाच्या शास्त्रात बसत नव्हतं. आठवड्याभरात काठानं काटेरी कुंपण पडलं. बारा महिने तळ्यात खूर पडता कामा नये, असा ठराव झाला.

कुंपणाला रखवालदार हवा. गवळ्यांच्या चोरवाटा ठाऊक असलेला माणूस हवा आणि तोही गवळ्यांमध्ये फारसा न रमणारा. प्रधान हुशार खराच. त्यानं नेमका सिदू उचलला.

सिदूला हिरवं पागोटं मिळालं, पितळी बुंध्याची काठी मिळाली, कुंपणाच्या दारापाशी दगडी चौकी मिळाली. प्रधानाचा शिपाई त्याला 'अहो रखवालदार' म्हणाला, तेव्हा सिदूनं मागं वळून पाहिलं, आणखी कोणाला म्हणतोय म्हणून. चाळीस वर्षांत त्याला पहिल्यांदा कोणी अहो म्हटलं होतं. माणसाला भाकरीची भूक लागते, तशीच मानाची लागते, आणि ती उशिरा भागली की माणूस अधाशासारखा खातो. सिदूला दोष देणं सोपं आहे. त्याच्या जागी आपण उभे राहून बघावं आणि मग द्यावा.

पहिलं वर्ष छान गेलं. चक्रवाक आले, पाणी मोकळं होतं, राजा खूश, प्रधान खूश. म्हशींनी आदल्या साली केलेल्या कामावर सगळ्यांनी आपापली पाठ थोपटून घेतली.

दुसऱ्या वर्षी लव्हाळी काठ सोडून आत सरकली. सिदू रोज बांधावरून फेरी मारायचा, त्याला ते दिसत होतं. गवळ्याच्या पोराला ते न दिसून कसं चालेल? आषाढात जिथं तो टिबुकल्या पाणपाखरांना बुड्या मारताना बघायचा, तिथं आता गवत उभं होतं. थंडीत चक्रवाक निम्मेच आले आणि महिनाभरात उडाले.

इकडे वस्तीची दैना. म्हशींना चारा विकत आणणं कोणाला परवडेना. एकेक घर म्हशी बाजारात घालून दुसरा मुलूख धरू लागलं. बायजाआत्यानं अकरातल्या दहा विकल्या आणि म्होरकी म्हैस तेवढी ठेवली. एक दिवस ती कुंपणाशी आली. सिदू आत, ती बाहेर.

"सिदू, तळ्याला म्हस लागती," ती म्हणाली. "हे तुला म्या सांगायला नगं. तू त्यांच्यात उठतोस, बसतोस. जाऊन सांग त्यास्नी."

सिदूनं सांगेन म्हटलं. त्याला खरंच सांगायचं होतं. तो दोन दिवस चालून राजधानीला गेला, प्रधानाच्या ओसरीवर अर्धा दिवस ताटकळला आणि आत गेल्यावर पागोटं सावरत म्हणाला की गवत जरा वाढलंय. प्रधानानं कागदावरून मान वर केली नाही. त्यानं एकच विचारलं, या महिन्यात म्हैस शिरली का? नाही, म्हणाला सिदू. मग तुझं काम चोख आहे, पक्ष्यांचं काम पक्षी बघतील, असं म्हणून प्रधानानं त्याला वाटेला लावलं. आजार रेड्याला आणि डाग पखालीला, तशातली गत. पण चोख हा शब्द सिदूच्या कानात वाटभर गोड लागत राहिला आणि दोन दिवसांच्या चालीत त्यानं स्वतःची समजूत काढली की आपण सांगितलं, आता आपल्याकडे दोष नाही.

तिसऱ्या हिवाळ्यात राजा स्वतः आला. बरोबर तोच परदेशचा पाहुणा. बांधावर गालिचा अंथरला होता, पण तिथून दिसत होतं ते कमरेएवढं गवत आणि मधोमध परातीएवढं पाणी. त्यावर चार बदकं. राजाचा चेहरा पडला. पाहुणा सभ्य माणूस, तो आभाळाकडे बघत राहिला.

राजानं रखवालदाराला पुढे बोलावलं. "तू इथलाच ना? मग खरं सांग. माझे पक्षी का गेले?"

बघा, राजा विचारत होता. मधे ओसरी नाही, शिपाई नाही, कागद नाही. एवढं म्हणायचं होतं की महाराज, म्हशी आत सोडा. त्या वेळी सोडल्या असत्या तर दोन वर्षांत पाणी मोकळं झालं असतं. सिदूच्या जिभेवर ते आलंही होतं. पण प्रधान शेजारी उभा होता. ते म्हटलं तर प्रधान मूर्ख ठरणार होता आणि तीन वर्षं सिदूनं राखलेलं कुंपणही. कुंपण गेलं की चौकी गेली, पागोटं गेलं, आणि उरणार होता दोन आटलेल्या म्हशींचा सिदू.

प्रधानानं हळूच त्याच्या हातात उत्तर ठेवलं. "कोणी चोरून म्हशी घालत असेल. घालतंय ना कोणी?"

सिदूनं मान खाली घातली. "घालत असत्याल, महाराज."

"कोण?"

सिदूच्या स्वतःच्या दोन सोडल्या तर वस्तीत आता म्हैस उरली होती एकच. सिदूनं नाव घेतलं.

राजाला राग येण्यासाठी काहीतरी हवंच होतं, ते मिळालं. उरलेली पाच घरं त्याच आठवड्यात उठवली गेली. बायजाआत्यानं तक्रार केली नाही, की मी म्हैस घातली नाही असंही म्हणाली नाही. म्हशीचं दावं हातात घेऊन ती चौकीवरून गेली आणि सिदूकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही. त्यानं खाल्ल्या घरचे वासे मोजले असते तर एक वेळ चाललं असतं, त्यानं तर वासेच उपटून दिले.

कुंपण दुप्पट उंच झालं. पुढच्या दिवाळीला चक्रवाकांचा थवा आला, तळ्यावरून त्यानं दोन घिरट्या घातल्या. खाली सलग गवत. पाणी होतं, पण गवताखाली, पक्ष्याला दिसणारही नाही आणि पाय टेकता येणारही नाही असं. थवा एकदा ओरडला आणि दक्षिणेकडे निघून गेला. टिबुकल्या गेल्या, पाणकोंबड्या गेल्या. मासे सडून काठाला आले. सिदूला त्या दिवशी जेवण गेलं नाही. एवढा मोठा पसारा त्याच्या देखत मेला होता आणि त्याच्या अंगावर साधा ओरखडा नव्हता.

तेव्हा कुठे त्यानं चौकीला कडी घातली आणि तो बायजाआत्याला शोधत निघाला. तीन गावं पलीकडे, डोंगराच्या उतरणीवर ती परक्याच्या गोठ्यात शेण काढत होती. सिदू तिच्या पायाशी बसला. म्हणाला, आत्या, मी कुंपणाचं दार उघडतो, मग प्रधान काय करायचं ते करो, तू म्हशी घेऊन चल.

आत्यानं हातातली पाटी खाली ठेवली. म्होरकी म्हैस उन्हाळ्यात गेली, हे तिनं सांगितलं. मग म्हणाली, "म्हशी काय, बाजारात मिळत्याल. पन दीडशे म्हशी कोन आननार? ज्यांच्या व्हत्या ती मानसं कुठं गेली, मला ठावं न्हाई. आन् ह्या डोंगरातल्या म्हशींनी पानी बघितलंय ते पिन्यापुरतं. त्यास्नी त्या दलदलीत घालशील, तर रुतून मरत्याल. आमच्यावाल्या आईच्या मागनं शिकायच्या."

सिदू रडला. आत्यानं त्याला ताक दिलं, कारण दारी आलेल्याला द्यायचं असतं. पण उंबऱ्याच्या आत ये, असं ती म्हणाली नाही.

तो परत आला तेव्हा चौकीपाशी घोडे उभे होते. कडी घालून कुठे गेला होतास, हे कोणी विचारलं नाही. दरबारचा माणूस सनद वाचायला आला होता: सबंध वर्षात या तळ्यात एकही खूर पडला नाही, एकही तक्रार आली नाही, सबब हे राज्यातलं सगळ्यात उत्तम राखलेलं तळं. त्यात पक्ष्यांचं नाव कुठे नव्हतं. सिदूच्या मनगटात चांदीचं कडं घालण्यात आलं आणि त्यानं ते घालू दिलं.

सनदेच्या शेवटी आणखी एक हुकूम होता. राज्यातल्या दुसऱ्या सात तळ्यांनाही असंच कुंपण पडणार होतं आणि त्यांचे सात नवे रखवालदार काम शिकायला सिदूकडे धाडले होते. सातही जण हिरवी पागोटी घालून बांधावर उभे होते. कोणी गवळी, कोणी कोळी, कोणी धनगर. प्रत्येक जण आपापल्या पाण्याकाठी वाढलेला. त्यातला एक जण त्या गवताकडे बघून म्हणाला, "आमच्या तळ्यात म्हशी हायेत अजून. पाणी लख्ख असतं. त्यांचं काय करायचं, दादा?"

सगळे सिदूच्या तोंडाकडे बघू लागले. दरबारचा माणूसही बघू लागला.

सिदूनं पागोटं सावरलं. "पयलं काम त्येच," तो म्हणाला. "म्हशी बाहेर काढायच्या."

तात्पर्य, ज्यांना अजून लागत असेल त्यांच्यासाठी: राखलेल्या जागेत काय जगतंय ते आधी बघावं, कोण शिरलं ते मागाहून. आणि ज्याला हे कळतं तोच पागोट्यासाठी गप्प बसला, तर तळं मरतंच, वर त्याच्या मरणाचा धडा दुसऱ्या तळ्यांना शिकवला जातो.