रीस्टार्टच्या आधी

एकदा एका शिष्येला ज्ञानाची अशी काही घाई झाली, की शिकायला तिच्याकडे वेळच उरेना.

वृंदा तिचे नाव. सांगलीतल्या एका लहानशा सॉफ्टवेअर कंपनीत ती डेव्हलपर होती. कंपनी अण्णा मगदुमांची. अण्णांचे सारे आयुष्य वेब सर्व्हर सांभाळण्यात गेले होते आणि सत्तरीला टेकले तरी ते रोज ऑफिसात येऊन बसत, मोजके बोलत, मुलांना शिकवत. वेब सर्व्हर म्हणजे वेबसाइटच्या दाराशी उभे राहून येणाऱ्या प्रत्येकाला हवे ते आणून देणारे सॉफ्टवेअर. ते दार राखण्याची विद्या वृंदा अण्णांकडे शिकत होती.

शिकत होती म्हणजे काय, तर धावत होती. आज मोफत वर्ग, उद्या वेबिनार, परवा कुणीतरी सुचवलेले नवे साधन. एखाद्या ग्रुपवर कुणी लिहिले, ‘अजून हे जुनंच सॉफ्टवेअर वापरता?’ की आपण मागे पडलो असे हिला वाटायचे. मग त्या नव्याचा कोर्स सुरू. तो रंगात येतोय तोवर आणखी नव्याची घोषणा. जेवतानाही एक हात घासाकडे आणि दुसरा फोनकडे. ब्राउझरमध्ये इतके टॅब उघडे असत, की कुठल्या टॅबमध्ये काय आहे ते तिचे तिलाच सापडत नसे. यात हसण्यासारखे काही नाही हो. ज्या धंद्यात काल शिकलेले आज शिळे होते, तिथे माणसाने स्वस्थ बसावे तरी कसे? तिची भीती खरी होती.

तिच्याकडे काम होते एका नाट्यगृहाच्या तिकिटांच्या वेबसाइटचे. एरवी ती वेबसाइट छान चालायची. पण गाजलेल्या नाटकाचे बुकिंग उघडले आणि गर्दी लोटली, की अडून बसायची. वृंदा सर्व्हर रीस्टार्ट करायची. साइट चालू व्हायची, थोड्या वेळाने पुन्हा अडायची. दोष सर्व्हरच्या सॉफ्टवेअरचाच, असे ठरवून तिने ते बदलले. पुढे तेही बदलून तिसरे आणले. प्रत्येक वेळी काही दिवस बरे जायचे आणि मग पुन्हा तेच रडगाणे.

अशात बंगळुरूच्या एका संस्थेने डेव्हलपरांसाठी मोठे शिबिर जाहीर केले. राहणे, जेवण, शिकणे सगळे मोफत, पण जागा थोड्या आणि गुरूची शिफारस आवश्यक. मुदतीच्या शेवटच्या दिवशी सकाळी वृंदा अण्णांसमोर जाऊन उभी राहिली.

“अण्णा, शिफारस हवी होती. संध्याकाळपर्यंत पाठवायची आहे. ही संधी गेली तर मी मागेच पडणार बघा.”

“तिथं जाऊन काय शिकणार?”

“सगळंच. जे जे नवीन आलंय ते सगळं.”

“आणि विचारणार काय?”

“विचारणार म्हणजे? ते शिकवतील की.”

अण्णांनी हो म्हटले नाही, नाही म्हटले नाही. चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसत बसले. वृंदाला वाटले, संपले आता. ती आणखी काही बोलणार, एवढ्यात फोन वाजला. नाट्यगृहाचे व्यवस्थापक इंगवले बोलत होते.

“अहो मॅडम, बुकिंग आत्ता कुठं उघडलंय, तोवर स्क्रीनवर नुसतं गोल गोल फिरायला लागलंय! इकडं दारात लोक भांडायला उठलेत. आज जर हे बंद राहिलं, तर काम दुसऱ्याला देतो. आधीच सांगून ठेवतो, मागनं बोलायचं नाही.”

नाट्यगृहाचे काम म्हणजे त्या कंपनीची भाकरी होती. वृंदा धावत आपल्या जागेवर गेली. रीस्टार्टचा आदेश तिच्या बोटांना पाठ होता. पण बोटे टेकायच्या आत मागून अण्णा आले आणि त्यांनी तिच्या समोरचा कीबोर्ड चक्क उचलून घेतला.

“अण्णा, अहो द्या इकडं! रीस्टार्ट केला की चालू होईल!”

“होईल की. ठाऊक आहे मला.”

“मग?”

“मग परत पडेल.” अण्णांनी उभ्या उभ्या कीबोर्डवर काही टाइप केले. स्क्रीन ओळींनी भरून गेली. “सर्व्हरचे सगळे हात, म्हणजे दारातल्या एकेका माणसाला सांभाळणारे, या घडीला काय करतायत, ते इथं दिसतंय. बघत बस.”

“नुसतं बघू?”

“नुसतं बघ.” असे म्हणून ते खुर्ची ओढून बसले, कीबोर्ड मांडीवर ठेवला आणि फोन स्वतः घेतला. “इंगवले, मी मगदूम. थोडा वेळ खिडकीवरनं तिकिटं द्या. मला ही साइट आत्ता बंदच पाहिजे.”

पलीकडून इंगवले काय ओरडले ते सगळ्या ऑफिसने ऐकले. वृंदाच्या मनात आले, म्हाताऱ्याचे डोके ठिकाणावर आहे ना? एका बटणावर सुटणारी गोष्ट हा माणूस मांडीवर घेऊन बसलाय, आणि हातचे काम जायची वेळ आली आहे. तिचा पाय टेबलाखाली थडथड हलू लागला. ती स्क्रीनकडे बघत होती, पण मन भलतीकडेच. मागच्या आठवड्यात वेबिनारमध्ये दाखवलेले ते नवे साधन बसवले असते तर? तो टॅब कुठे गेला? तिचा हात नकळत माउसकडे सरकला.

“समोर,” अण्णा म्हणाले.

ती समोर बघू लागली. काही दिसेना. ओळीच ओळी, नुसता गोंधळ. उठून पळून जावे असे वाटत होते. फोन पुन्हा वाजला, अण्णांनी तो वाजू दिला. पळायला जागाच नव्हती म्हणून ती बघत राहिली, आणि बघता बघता तिच्या लक्षात आले की तो गोंधळ नव्हताच. प्रत्येक ओळीत एकच गोष्ट लिहिलेली होती.

“अण्णा,” ती हळूच म्हणाली, “हे कुणीच काम करत नाहीत. गर्दीनं दमलेत असं मला वाटायचं. हे तर सगळे नुसते वाट बघत उभे आहेत.”

“कुणाची?”

तिने पुढचे वाचले. तिकीट निघाले की प्रेक्षकाच्या फोनवर संदेश जायचा. तो पाठवायचे काम बाहेरच्या एका सेवेकडे होते. गर्दीच्या वेळी त्या सेवेचे उत्तर यायला उशीर व्हायचा, आणि ते येईपर्यंत सर्व्हरचा एकेक हात तिथेच अडकून राहायचा. सगळे हात अडकले, की दारातल्या नव्या माणसाला घ्यायला कुणी मोकळे नसायचे. उत्तर येईपर्यंत थांब, असे सर्व्हरला सांगणारी ओळ कुणाची? वृंदाचीच. काम हाती आले तेव्हा एका कोर्सच्या पहिल्या धड्यातून तिने ती घाईघाईत उतरवली होती. पुढचे धडे बघायचे राहून गेले होते. सर्व्हर तिने दोनदा बदलला आणि दोन्ही वेळा ती ओळ स्वतःच्या हाताने उचलून नव्या घरी नेली. कुणाकडे बघायचीही तिला लाज वाटली.

“कीबोर्ड द्या, अण्णा.”

अण्णांनी तो पुढे केला. वृंदाने दुरुस्ती केली. आधी प्रेक्षकाला तिकीट द्यायचे, संदेश मागाहून आपल्या सवडीने जाऊ द्यायचा, आणि उत्तर वेळेत आले नाही तर ताटकळत उभे राहायचे नाही. मग ती जराशी घुटमळली.

“अण्णा, हे लागू व्हायला आता रीस्टार्ट करावा लागेल.”

अण्णा खळखळून हसले. “मग कर की! तुला अडवलंय कुणी?”

तिने तोच जुना आदेश दिला. ओळी क्षणभर पुसल्या गेल्या, पुन्हा उमटल्या आणि भराभर बदलू लागल्या. काही वेळाने इंगवल्यांचा फोन आला. “चाललंय. चांगलं पळतंय. पण मॅडम, हे आधी का नाही हो केलंत?”

ऑफिस शांत झाल्यावर अण्णा म्हणाले, “रीस्टार्ट वाईट नव्हे, पोरी. पण तो दुखणंही पुसतो आणि कुठं दुखतंय त्याची खूणही पुसतो. म्हणून आज तुला हात लावू दिला नाही. आणि सर्व्हरचं राहू दे, तू स्वतःलाही तसंच करत आलीस. एखादी गोष्ट कळेनाशी झाली की जीव घाबरा होतो. त्या घाबऱ्या जिवानं तिथंच थोडं बसलं, तर नेमकं कुठं अडलंय ते दिसायला लागतं. तू तेवढ्यात नवा कोर्स उघडायचीस. नवा धडा, नवी सुरुवात, बरं वाटायचं. अडलेलं मात्र तुझ्यासोबत पुढच्या कोर्सात यायचं. साधनं चांगली आहेत, शिकवणारेही चांगले आहेत. त्यांच्याकडं जाताना आपलं अडलेलं काय ते ठाऊक पाहिजे, एवढंच.”

वृंदा खाली मान घालून ऐकत होती. शिफारशीचा विषय काढायचे धैर्य तिला होईना. दुपार कलली, मुदत सरत आली. शेवटी अण्णांनीच विचारले, “बंगळुरूला जायचं होतं ना तुला?”

“अजून पाठवाल?”

“तिथं जाऊन काय विचारणार?”

या वेळी तिने आधी स्क्रीनवरच्या आपल्या दुरुस्तीकडे पाहिले. मग म्हणाली, “बाहेरून उत्तर येत नसेल, तर किती वेळ थांबायचं आणि कधी सोडून द्यायचं, हे सर्व्हरनं कसं ठरवायचं? आज मी एक आकडा घातलाय, पण तो अंदाजानंच. तोच का, ते मला सांगता येणार नाही.”

अण्णांनी खुर्ची तिच्या टेबलाजवळ ओढली.

“मलाही नाही येणार,” ते म्हणाले. “जन्मभर मीही अंदाजानंच घालत आलो, आणि कधी कुणाला विचारलंही नाही. जा तू. आलीस की आधी मला शिकव.”

ते तिच्याच कीबोर्डवर शिफारस लिहायला बसले. दोन बोटांनी एकेक अक्षर शोधत, सावकाश. मुदत संपायला थोडाच वेळ उरला होता आणि टेबलाखाली वृंदाचा पाय अजूनही हलत होता, पण तिने कीबोर्ड मागितला नाही.