एकही माशी नको

"बाबा, मी एकही माशी शिल्लक ठेवली नव्हती. मग हे का झालं?"

शैलजा मठाच्या हरितगृहात उभी होती. टोमॅटोची चारशे झाडं सुकत चालली होती. पानांच्या खाली पांढऱ्या माशीचा नुसता थर बसला होता.

सोपानगिरी बाबा दाराशी पाटावर बसले.

शैलजा शेतकी कॉलेजात पहिली आलेली. मठात आली होती दीक्षा मागायला. बाबांनी तिला हरितगृह दिलं. विषारी औषध न फवारता तिनं माशी खाणारे मित्रकिडे आणून सोडले. महिन्याभरात माशी आटोक्यात आली. मठाच्या आश्रयाला असलेल्या म्हाताऱ्यांच्या ताटात रोज टोमॅटो पडू लागला.

पण चार-दोन माश्या कुठेतरी राहायच्याच. ते तिला खपेना. ओल्या फडक्यानं ती पान न् पान पुसू लागली.

नऊ वर्षं तिथं राबणाऱ्या पार्वताबाईंची नजर अधू होती. त्यांच्या ओळीत माश्या सापडल्या, तेव्हा शैलजा त्यांना सगळ्यांदेखत नाही नाही ते बोलली. दुसऱ्या दिवशी त्या लेकीकडे निघून गेल्या.

मग हरितगृह अगदी निर्मळ झालं. आणि काही आठवड्यांनी जाळीच्या एका फटीतून नवी माशी आत शिरली.

"मित्रकिडे होते की आत," शैलजा म्हणाली. "त्यांनी का नाही खाल्ली?"

बाबांनी वाफ्यातून काहीतरी टिपून तिच्या तळहातावर ठेवलं. तिळाहून लहान, वाळून गेलेला मित्रकिडा.

"कशानं मेला?"

तिनं तो उजेडात धरला.

"भुकेनं," ती म्हणाली.

ती तिथंच मातीत बसली. तिनं सांगितलं, की काल ती पार्वताबाईंच्या लेकीच्या घरी जाऊन आली. दार कुणी उघडलं नाही.



मग तिनं डोळे पुसले.

"सगळं उपटते, बाबा. पुन्हा लावते. या वेळी एकही चूक राहू देणार नाही. माझी नाही, कुणाचीच नाही."

बाबा उठले. खुंटीवरची झोळी काढून त्यांनी खांद्याला अडकवली.

"कुठं निघालात?"

ते दारात थांबले...

"जिथं एकही चूक नाही, तिथं मी कशावर जगू? मलाही भूक लागते, पोरी."