तेविसावा नमुना

त्या राज्यात बांध दरवर्षी नवा असे आणि पाणी मात्र जुनेच असे. राज्य म्हणजे समुद्राला मिळणारी एक खाडी. नदी वरच्या मुलखातून जे काही वाहून आणी ते खाडीत साचे, आणि साचता साचता पाणी इतके काळे पडले होते की माशाला स्वतःची शेपटी दिसत नसे. पण वासाचीही सवय होते. सवय झाली की वास येत नाही, आणि प्रजा तेवढ्यावर सुखी होती.

प्रजा कर भरत असे. दर अमावास्येला प्रत्येकाने एक रिकामा शिंपला उंच कातळावर आणून टाकायचा. त्या ढिगाला सामाईक रास म्हणत. राशीवर कोणा एकाची मालकी नव्हती आणि तिची राखण एक म्हातारा खेकडा करी. तो इतका काटेकोर होता की वाऱ्याने एखादा शिंपला घरंगळला तरी मागोमाग उतरून तो परत आणी. त्यापायी त्याचा एक पाय कायमचा अधू झाला होता आणि त्याला त्याचा अभिमान होता.

रास खर्च होई ती एकाच कामावर, बांधावर. समुद्राच्या बाजूने किनारा ढासळू नये म्हणून पाणमांजर दरवर्षी बांध घाली. राशीतले शिंपले भट्टीत भाजायचे, त्यांचा चुना करायचा आणि त्या चुन्यात दगड बसवायचे, ही त्याची पिढीजात विद्या. बांध दिसायला देखणा होई. मग श्रावणातले उधाण येई, लाट बांधावर आपटे, परत फिरताना पायथ्याची माती ओढून नेई आणि बांध खाली बसे. ती माती खाडीत कालवली जाऊन पाणी आणखी गढूळ होई. पुढच्या वर्षी पाणमांजर पुन्हा सभेपुढे उभे राही.

सभेचा एक नियम होता. राशीतून द्यायचे ते पूर्वी झालेल्या कामालाच. या नियमालाही कारण घडले होते. फार पूर्वी एका कोळंबीने पावसाचे गोडे पाणी आत येऊ नये म्हणून खाडीवर शिंपल्यांचे छप्पर घालायची योजना मांडली होती. सभेने उत्साहाने अर्धी रास दिली होती आणि ती पहिल्याच लाटेत गेली होती. तेव्हापासून मागणाऱ्याने आधीच्या कामाचा नमुना आणून कातळावर ठेवल्याशिवाय सभा त्याचे ऐकत नसे. पाणमांजर दरवर्षी गेल्या वर्षीच्या बांधाचा एक दगड आणून ठेवी. बांध पडलेला असल्यामुळे दगड सुटा मिळे, ही मोठी सोय होती. खेकड्याने ते सारे नमुने एका रांगेत जपून ठेवले होते आणि ते बावीस झाले होते.

त्या खाडीच्या कडेला चिखलात बीळ करून एक निवटी राहत असे. निवटी ही अर्धी पाण्यातली आणि अर्धी जमिनीवरची मासळी. त्यामुळे पाण्यातले तिला उपरी समजत आणि जमिनीवरचे तिला नाक मुरडत. दोन वर्षे तिच्या बिळातली अंडी काळ्या पाण्याने नासली होती. पहिल्या वर्षी ती रडली. दुसऱ्या वर्षी ती रडली नाही. ती खाडीभर फिरून कुठे तरी पाणी बरे आहे का ते पाहू लागली.

तसे एकच ठिकाण सापडले. एका बुटक्या खडकाला सात कालवे चिकटून होती आणि त्यांच्या भोवती हातभर पाणी नितळ होते. सातांतल्या सर्वांत थोरलीला सारे कालवकाकी म्हणत. ती भरतीपुरतेच तोंड उघडी, त्यामुळे बोलणे आटोपशीर असे.

“काकी, तुमच्याच इथलं पाणी तेवढं बरं कसं?” निवटीने विचारले.

“आम्ही पितो नि गाळून सोडतो. आम्हांला दुसरं काम काय हाय?” काकी म्हणाली. “एके काळी ही आख्खी खाडी आमची होती. पहिल्या बांधाच्या चुन्याला आम्हांलाच खणून नेलं.”

“मग पुन्हा वाढत का नाय?”

“पोरं होतात गो. पौर्णिमेला सोडतो आम्ही. पंधरा दिवस पाण्यावर हिंडतात, मग त्यांना टेकायला कठीण काहीतरी लागतं. चिखलात टेकली की मेली. जुना शिंपला मिळाला तर त्याच्याइतकं बरं काय नाय. पण शिंपले सगळे तुम्ही वर नेऊन ठेवलात. आता सातच उरलोत, नि सातही म्हातारी. यंदा एक पोर टेकलं नाय, तर पुढल्या वर्षी तुला हे सांगायला कोण नसेल.”

भरती ओसरली आणि काकीने तोंड मिटले. निवटी तशीच चिखल तुडवत कातळाकडे निघाली.

सभा ओहोटीला भरे. सभेचा प्रमुख बगळा होता. तो नेहमी एका पायावर उभा असे. दुसरा पाय टेकावा की नाही याचा निर्णय गेली कित्येक वर्षे विचाराधीन होता. पाणमांजराने त्या दिवशी आपला तेविसावा दगड आणला होता आणि तो ठेवणार इतक्यात निवटी वर चढून आली. ती धापा टाकत होती. शिंपले भट्टीत न घालता खाडीत टाका, त्यावर कालवे धरतील, कालवे पाणी गाळतील आणि त्यांचा उंचवटा झाला की लाट तिथेच फुटेल, असे तिने एका दमात सांगितले.

सभेत हसण्याची लाट उठली. राशीतले शिंपले पाण्यात टाकायचे, म्हणजे ज्यांनी ते पाण्यातून वर आणले त्यांनी काय म्हणावे, असे कोणीतरी मागून म्हणाले.

“नमुना?” बगळ्याने विचारले.

“नाय, महाराज. असं अजून कोणी केलंच नाय.”

“मग आम्ही कशावरून द्यावं?”

निवटीने मान खाली घातली, आणि खाली घातलेल्या मानेमुळेच तिला नमुन्यांची रांग नीट दिसली. ती रांगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेली. मग खेकड्याकडे वळून तिने अगदी साधेपणाने विचारले, “मामा, ह्यातला एक तरी दगड उभ्या बांधाचा हाय का?”

खेकड्याने रांगेवरून नजर फिरवली. बावीस वर्षे त्याने ते दगड पुसले होते, ओळीत लावले होते, आणि दर दगडाबरोबर एक एक रास भट्टीत जाताना पाहिली होती. “नाय,” तो शेवटी म्हणाला. “सगळे पडलेल्याचेच.”

त्यानंतर कोणी हसले नाही. पुरा नकार देणे आता जड होते आणि पुरा होकार देणे बगळ्याच्या स्वभावात नव्हते. त्याने अर्धी रास बांधाला आणि अर्धी निवटीला दिली. पाणमांजर आपला दगड उचलून निघून गेले. अर्ध्या राशीत बांध होत नाही हे त्याला ठाऊक होते.

निवटीला आनंदाने काही सुचेना. पौर्णिमेला सातही कालवांनी आपली पिले पाण्यात सोडली, आणि त्यानंतरचे आठ दिवस खाडीतल्या ज्यांना ज्यांना तिचे बोलणे पटले होते ते सारे राशीतले शिंपले वाहून नेत होते. शिंपले चिखलावर पसरले तेव्हा ओहोटीच्या उन्हात ती जागा पांढरीशुभ्र दिसली. लोक बघायला आले. दोन भरत्या आल्या आणि गेल्या, आणि नवव्या दिवशी तिथे पुन्हा काळा चिखल होता. मऊ चिखलाने सगळे शिंपले गिळले होते. निवटी आयुष्यभर चिखलावर चालली होती, पण ती हलकी होती. ओझे घेऊन कोणी चिखलात उभे राहिले तर काय होते, हे तिला कधी कळलेच नव्हते.

पिलांना टेकायला सहा दिवस उरले होते. निवटीला बिळात जाऊन बसावेसे वाटले. पण अर्धी रास प्रजेची होती आणि ती बुडाली हे दुसऱ्या कोणाच्या तोंडून सभेला कळावे, हे तिला सोसवले नसते. ती स्वतः कातळावर गेली.

“महाराज, चूक माझी,” ती म्हणाली. “दिलेलं सगळं चिखलात गेलं. काकीचं काय खोटं नाय, मला टाकता आलं नाय.”

“म्हणजे आता नमुना मिळाला,” बगळा म्हणाला. “आणि तो बुडाल्याचा आहे. विषय संपला.”

तेव्हा खेकडा आपला अधू पाय ओढत पुढे आला. सभेत तो आपणहून कधी बोलत नसे. राखणदाराने बोलायचे नसते असे त्याला शिकवले होते. “ह्या रांगेतले बावीसही बांध पडले,” तो म्हणाला, “नि बावीस वेळा आपण पुन्हा दिलं. हिचं एकदाच बुडालंय. न्यायाने हिला अजून एकवीस वेळा बुडवायचा हक्क हाय. मी म्हणतो, निदान दुसऱ्यांदा तरी द्या.”

तेवढ्यात मागच्या बाजूने पाणमांजराचा वैतागलेला आवाज आला. ते केव्हापासून ऐकत बसले होते.

“अगो शहाणे, चिखलावर आधी दगड बसवायला लागतो. आडवे, एकात एक अडकवून. मग वर काय ते टाक. येवढं लहान पोराला कळतं.”

“मला नाय कळलं,” निवटी म्हणाली. “तुम्ही बसवून द्याल?”

पाणमांजराला हे अपेक्षित नव्हते. बावीस वर्षांत त्याला बांध मागणारे पुष्कळ भेटले होते, पण त्याची विद्या कोणी मागितली नव्हती. “दगड कुठाय?” ते तुटकपणे म्हणाले. “समुद्राने नेलेले शोधायला महिना जाईल.”

खेकड्याने वळून आपल्या रांगेकडे पाहिले. ते बघून निवटीला कळले आणि सभेलाही कळले. शेवटी खेकडा स्वतःच पहिल्या दगडाला भिडला आणि त्याने तो कातळावरून खाली ढकलला. नमुना कातळावरून हलवू नये असा नियम होता, आणि तो नियमही त्यानेच आजवर सांभाळला होता.

बगळ्याने खाली पडलेल्या दगडाकडे पाहिले. मग उरलेल्या राशीकडे पाहिले. मग प्रजेच्या देखत त्याने दुसरा पाय टेकला. “द्या,” तो म्हणाला. “सगळी द्या.”

पुढचे पाच दिवस त्या राज्यात कोणी रिकामे नव्हते. पाणमांजर कंबरभर चिखलात उभे राहून दगड बसवत होते आणि सर्वांना शिव्या घालत होते, आणि त्या शिव्या सर्वांना गोड लागत होत्या. उरलेली रास प्रजेने दगडांवर रचली. कातळ प्रथमच रिकामा झाला. सहाव्या दिवशी पिले टेकायची होती, आणि ती टेकली की नाही हे काही आठवडे दिसणार नव्हते. निवटी रोज ओहोटीला जाऊन शिंपल्यांवरून डोळे फिरवी. एकविसाव्या दिवशी तिला एका शिंपल्यावर नखाएवढा पापुद्रा दिसला. मग शेजारी दुसरा दिसला. मग मोजणे तिने सोडून दिले. ती धावत काकीकडे गेली, पण ओहोटी होती आणि काकीचे तोंड मिटलेले होते, म्हणून निवटी तिथेच बसून भरतीची वाट बघत राहिली.

श्रावणातले उधाण आले तेव्हा बांध नव्हता. प्रजा भीतीने कातळावर चढली. लाट नेहमीसारखीच चालून आली, दगड-शिंपल्यांच्या उंचवट्यावर अडखळली, तिथेच फुटली आणि किनाऱ्यापर्यंत नुसता फेस पोचला. पाणमांजर जमिनीवर बसले आणि आनंदाने रडले. आयुष्यात पहिल्यांदा त्याचे काम श्रावणातून पार पडले होते.

तीन वर्षे गेली. शिंपल्यावर कालव, त्या कालवावर दुसरे कालव, असा उंचवटा आपोआप चढत गेला. दर अमावास्येचे शिंपले आता सरळ तिथेच जात. काकी दुसऱ्या वर्षी गेली आणि तिचा शिंपला निवटीने सर्वांत वर ठेवला. तिसऱ्या वर्षी निवटीच्या बिळातली अंडी फुटली आणि चिखलभर बोटाएवढ्या निवट्या उड्या मारू लागल्या. त्यांच्यामुळे कोणाला चालायला जागा राहिली नाही, आणि कोणी तक्रार केली नाही.

मग एक दिवस शेजारच्या खाडीतून निरोप आला. त्यांचेही पाणी काळे होते. त्यांच्या सभेचाही नियम तोच होता, आणि त्यांना नमुना हवा होता. नियमाप्रमाणे खेकडा उंचवट्यावर गेला आणि एक तुकडा तोडायला लागला. कालवे एकमेकांना अशी धरून बसली होती की पूर्ण ओहोटीभर खटपट करूनही एक कपची सुटली नाही. मग तो तिथेच थोडा वेळ बसला, एक रिकामा शिंपला उचलला, खाली वाकून काहीतरी केले आणि तो शिंपला जपून, आडवा धरून, कातळावर नेऊन ठेवला. जिथे बावीस दगडांची रांग असे, तिथे आता तो एकटाच होता.

सारे बघायला गोळा झाले. बगळा मधोमध आला आणि त्याने वाकून शिंपल्यात पाहिले. शिंपल्याच्या तळाच्या रेघा अन् रेघा दिसत होत्या, गुलाबी, निळसर, एकही न सुटता.

“रिकामा आहे,” बगळा म्हणाला. “नमुना कुठे आहे?”

खेकड्याने शिंपला हळूच त्याच्यापुढे सरकवला. तेव्हा बगळ्याने खात्री करून घ्यायला चोच आत घातली, आणि चोच ओली होऊन बाहेर आली.