फळीचा तळ

कोल्हापूरच्या एका गिर्यारोहण मंडळाचे अध्यक्ष धैर्यशील घाटगे यांचा तोरा काय सांगावा! मंडळ उत्तराखंडातल्या औलीच्या बर्फात स्नोबोर्ड, म्हणजे बर्फावरून घसरायची फळी, शिकायला गेलं, तर साहेब आपली महागडी फळी काखेत मारून चार दिवस नुसते फोटो काढत आणि उपदेश करत हिंडले. पाचव्या दिवशी त्यांनी फर्मान काढलं, "वरच्या उतारावर स्वतःची फळी असणारेच येतील. भाड्याच्या फळीवाले हौशेगवशे खाली थांबतील."

साठीच्या इंदुमती सबनीस चार दिवस पडत-उठत शिकल्या होत्या. वरच्या उतारावर जायला त्यांना आधीच दहा वर्षं उशीर झाला होता. त्या शांतपणे म्हणाल्या, "साहेब, निवाडा फळ्यांनाच करू द्या. माझी आणि तुमची, दोन्ही पालथ्या करा."

इंदुमतींच्या भाड्याच्या फळीचा तळ ओरखड्यांनी भरलेला होता. साहेबांच्या फळीचा तळ आरशासारखा लखलखीत, आणि त्यावर किमतीची चिठ्ठीसुद्धा तशीच!

"ही भाड्याची फळी हजारदा डोंगर उतरलीय, साहेब. तुमची फक्त दुकानाची पायरी उतरलीय."

मंडळी खो खो हसली. साहेबांनी मुकाट्याने वाट सोडली आणि हळूच विचारलं, "बाई, तळ बघायचं तुम्हाला सुचलं कसं?"

इंदुमतींचं हसू मावळलं. "आमच्या माळ्यावर अशाच दोन आहेत, चिठ्ठ्यांसकट. एक माझी, एक ह्यांची. दरवर्षी 'पुढच्या हिवाळ्यात जाऊ' म्हणत राहिलो. मग हे गेले. त्या दोनांतली एकच खाली काढायला हात धजेना, साहेब."