भोपळ्याच्या खेळाचा म्होरक्या

एका नदीच्या अलीकडच्या रानात एक कोल्हा, एक गवा, एक ससा आणि एक भेकर राहत असत. पलीकडच्या रानात एक दांडगे अस्वल होते आणि त्याच्या सोबतीला लांडगे होते. बालमित्रांनो, पावसाळ्यात ही नदी दोन्ही रानांना पुरून उरे. पण चैत्र सरला की ती आटत जाई आणि दोघांच्या मध्ये एकच डोह शिल्लक राही. त्या डोहावर पूर्वी फार रक्त सांडले होते. म्हणून दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांनी एक तोड काढली. दरवर्षी एक खेळ खेळायचा. जे रान जिंकेल त्याने सकाळ-संध्याकाळ पाणी प्यावे, जे हरेल त्याने भर दुपारी यावे.

खेळ होता वाळलेल्या, पोकळ भोपळ्याचा. तो देठाने दातांत धरायचा आणि समोरच्यांच्या रेषेपार न्यायचा. प्रत्येक पाळीत चार चढाया मिळत. भोपळा धरणारा आडवा पडला की चढाई संपली. धक्का चाले, पण चावणे-ओरबाडणे चालत नसे. आरंभी भोपळा म्होरक्याच्या पायाशी ठेवत. तो उचलून कोणाकडे भिरकवायचा की आपणच घेऊन धावायचे, हे त्या एकट्याने ठरवायचे. जे रान आधी दोनदा रेषा ओलांडेल ते जिंकले.

अलीकडचे रान तीन वर्षे हरत आले होते. मागच्या उन्हाळ्यात तापलेल्या वाळूतून डोहाकडे येताना दोन पाडसे वाटेतच कोसळली होती. त्यामुळे या वर्षी म्होरक्या निवडताना सारे गंभीर होते. रानातले म्हातारे घुबड म्हणाले, "म्होरक्याला बुद्धी हवी. मी बारा कोडी घालतो. ज्याला जास्त सुटतील तो म्होरक्या."

कोल्ह्याने बाराच्या बारा कोडी सोडवली. भेकराला तीनच सुटली. प्रत्येक कोड्याला ते मान तिरकी करून उभे राही आणि शेवटी म्हणे, "नाही सांगता येत, आजोबा." गव्याला तर एकही सुटले नाही. "पाय नसून धावतो तो कोण?" या कोड्याचे उत्तर ओढा असे घुबडाने सांगितले, तेव्हा गवा खरोखरच चकित होऊन म्हणाला, "पण ओढा कुठे धावतो? तो तर नेहमी तिथेच असतो!" सारे हसले. कोल्हा म्होरक्या झाला.

कोल्हा नुसता हुशार नव्हता, मेहनतीही होता. आठ दिवस तो वाळूवर पंजाने रेघा ओढत बसला. शेवटी त्याने सर्वांना बोलावून बेत सांगितला. "गवा मधून घुसेल. सगळे त्याच्यावर तुटून पडतील. तेवढ्यात मी भोपळा सशाकडे टाकीन आणि ससा काठाकाठाने पळेल." बेत चांगला होता. घुबडानेही मान डोलावली.

नदीच्या आटलेल्या पात्रातल्या वाळूवर खेळ सुरू झाला. गवा मधून घुसला. पण अस्वल त्याच्याकडे गेलेच नाही, ते थेट कोल्ह्यावर धावून आले. कोल्ह्याने ते पाहिले. त्याच्या मनात आले, "सशाकडे टाकावा, तर वाटेत लांडगा आहे. मागे सरावे, तर जागा जाईल. गव्याकडे टाकावा, तर..." तोवर तो वाळूत पालथा पडला होता. दुसऱ्या चढाईला भेकर ओरडले, "डावीकडून येतोय!" कोल्ह्याने डावीकडे वळून पाहिले, खात्री करून घेतली आणि पुन्हा आडवा झाला. चारही चढाया अशाच वाया गेल्या. मग पाळी पलीकडच्यांची आली. अस्वलाने तिसऱ्याच चढाईत भोपळा रेषेपार नेला.

विसाव्याला अलीकडचे सारे गोळा झाले. कोल्हा अंगाची वाळूही न झटकता पुढे आला आणि म्हणाला, "हे माझ्याच्याने होणार नाही. कोडे सोडवताना माझ्या अंगावर कोणी धावून येत नव्हते." मग तो भेकराकडे वळला. "अस्वल कुठून येणार हे तुला आधी कसे कळले?"

भेकर संकोचले. "मी काही फार विचार केला नाही, दादा. झुडूप हलले की आत वारा आहे की वाघ, हे आम्हाला ताबडतोब ओळखावे लागते. नाही ओळखले, तर दुसऱ्यांदा संधी मिळत नाही. मी मघापासून बघत होते. अस्वल डावीकडे झेपावण्याआधी उजव्या पायावर भार देते. आणि तो म्हातारा लांडगा ज्याच्यावर जाणार असतो, त्याच्याकडे मुळीच बघत नाही."

"मग तूच म्होरक्या हो," कोल्हा म्हणाला.

घुबड गोंधळले. "पण याला तीनच कोडी..."

"आजोबा," गवा म्हणाला, "कोडी नंतर. डोह आत्ता हातचा चाललाय."

भेकर म्होरक्याच्या जागी उभे राहिले. दोन चढाया फुकट गेल्या. तिसऱ्या वेळी अस्वलाने उजव्या पायावर भार दिला आणि भेकर दुसऱ्या अंगाला सरकले. अस्वल तोंडघशी पडले. भेकराने मानेला हिसडा दिला, भोपळा सशापाशी पोहोचला आणि ससा काठाकाठाने रेषेपार गेला. तो कोल्ह्याचाच बेत होता.

पलीकडच्यांनाही तो आता कळला होता. त्यांची पुढची पाळी चौथ्या चढाईत वाया गेली आणि भोपळा पुन्हा भेकराच्या पायाशी आला. भेकराने समोर पाहिले. म्हातारा लांडगा सशाच्या अंगाला उभा होता आणि सशाकडे मुळीच बघत नव्हता. भेकर भुंकल्यासारखे ओरडले, "गवादादा, तूच!" आणि भोपळा गव्याकडे भिरकावला. गव्याने देठ दातांत धरला. अस्वल त्याला भिडले. गवा सरळ रेटत राहिला असता तर दोघे तिथेच अडकले असते. पण वाळू कुठे ओली आहे हे गव्याच्या खुरांना ठाऊक होते. तो झुंजत झुंजत अस्वलाला त्या ओल्या पट्ट्यात घेऊन गेला. तिथे अस्वलाचे पाय रुतले. गवा मात्र चिखलातच वाढलेला. तो पाय उपसत रेषा ओलांडून गेला.

एकच जल्लोष झाला. झाडावरची वानरे ओरडू लागली, "अक्कल काही कामाची नाही! बारावाला पडला, तीनवाला जिंकला!"

कोल्ह्याची मान खाली गेली. पण भेकर धापा टाकत म्हणाले, "असे म्हणू नका. पहिल्यांदा आपण कोल्हेदादाच्या बेतावर रेषा ओलांडली. मला आठ दिवस बसवून ठेवले असते, तरी तो सुचला नसता. आणि ओली वाळू गवादादाने हेरली, मी नाही."

घुबड फांदीवरून खाली उतरले. ते म्हणाले, "चूक माझी झाली. मला जी बुद्धी कळते, तेवढीच मी मोजली. बाकीची बुद्धी माझ्या डोळ्यांसमोर हिंडत होती, पण मी तिला ओळखलेच नाही."

संध्याकाळी सारे डोहावर गेले. पाणी पिऊन झाल्यावर कोल्हा एका खडकावर जाऊन बसला. पलीकडच्या काठावर अस्वलाची दोन पिल्ले आईच्या पोटाशी उभी राहून पाण्याकडे बघत होती. आता उद्या दुपारपर्यंत त्यांची पाळी नव्हती. कोल्हा फार वेळ विचार करत बसला. इथे त्याला घाई करायला लावणारे कोणी नव्हते.

मग तो उठून घुबडाकडे आला. "आजोबा, पिल्ले पाणी पितात तरी किती? दोन्ही रानांची सगळी पिल्ले पहाटे पिऊन गेली, तरी डोह चार बोटेसुद्धा उतरणार नाही. मग आपण त्यांना खेळात का धरतो? हार-जीत मोठ्यांची असू दे."

इतक्या वर्षांत हे कोणालाच सुचले नव्हते. जिंकणाऱ्यांना सुचले नव्हते आणि हरणाऱ्यांनाही नाही. गवा म्हणाला, "खरेच की!" भेकराने काठावर जाऊन पलीकडे हाक दिली, "अस्वलमावशी, लेकरांना आत्ताच घेऊन या!" अस्वलाला आधी ते खरे वाटेना. मग त्याने हळूच पिल्लांना पुढे ढकलले आणि पिल्ले धावत पाण्यात शिरली.

तात्पर्य : यशाला बुद्धी लागतेच, पण ती एकाच मापाने मोजू नये; कोणाची बुद्धी धावत्या क्षणी चालते, कोणाची निवांत बसल्यावर, आणि जो जिथे शोभेल तिथे त्याला उभे करणे हीसुद्धा बुद्धीच आहे.